सावकाराच्या घरातला समाजवादी

निवडणुकीला उभा राहणारा शेठ आम्हा हैदराबादकरांना नवा नाही. आधी पैसा, मग तिकीट, मग खुर्ची आणि खुर्चीच्या जोरावर पुन्हा पैसा, ही वाट आता इतकी मळलेली आहे की तिचं कुणाला काही वाटेनासं झालंय. बदरीविशाल पित्ती (१९२८–२००३) याच शहरातले, गडगंज घरातले आणि आमदारही झालेले. पण त्यांचा पैसा वाहिला उलट्या दिशेने.

पित्ती हे निजामाच्या अमदानीतलं नावाजलेलं मारवाडी सावकारी घराणं. या घराण्यातल्या राजाबहादूर मोतीलाल यांच्या नावाची कापडगिरणी १८९३ साली पुणे स्टेशनाजवळ उभी राहिली. तिथल्या रस्त्याला पुणेकर आजही राजाबहादूर मिल रोड म्हणतात, पण हे राजाबहादूर मूळचे हैदराबादच्या पेढीचे, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. बदरीविशाल यांचे वडील पन्नालाल यांच्या नावामागेही ‘राजा’ होतं. अशा घरातल्या पोराने पेढीवर बसायचं, व्याज मोजायचं. या पोराने मासिक काढलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपवणारी पोलीस कारवाई झाली आणि वर्षाच्या आत, ऑगस्ट १९४९ मध्ये ‘कल्पना’चा पहिला अंक निघाला. दरबाराची भाषा उर्दू, भोवती तेलुगू, आम्ही मराठी आणि कन्नड माणसं आपापल्या मोहल्ल्यात, आणि अशा गावातून हिंदी साहित्याचं मासिक! ते काढणारा तेव्हा जेमतेम एकविशीचा. पुढे रघुवीर सहाय, प्रयाग शुक्ल यांच्यासारखे कवी उत्तरेतून इथे येऊन ‘कल्पना’त काम करून गेले. चित्रांची बाजू जगदीश मित्तल पाहत. असल्या मासिकात पैसा जातो, येत नाही, हे सावकाराच्या पोराला कुणी शिकवायला नको होतं. तरी ते सुमारे तीन दशकं चाललं.

राजकारणात पित्तींना ओढलं समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी. १९५५ संपता संपता लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापला तो हैदराबादेतच. १९५६ पासून त्यांचं ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी मासिकही इथूनच निघू लागलं. लोहियांचा मुक्काम पित्तींच्या मोती भवनात. श्रीमंतांच्या खर्चावर मर्यादा घाला म्हणून देशभर ओरडणारा माणूस शहरातल्या मोठ्या शेठकडे उतरतो, यावर विरोधक हसले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. पण आबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारात फुटपाथवर लोहियांचं एखादं जुनं पुस्तक हाती लागलं, तर आतलं पान उलटून पाहा. ‘नवहिंद, हैदराबाद’ अशी प्रकाशकाची मोहोर बहुधा सापडेलच. ‘मार्क्स, गांधी अँड सोशलिझम’ नवहिंदचं, जातिव्यवस्थेवरचं पुस्तकही नवहिंदचं. हा छापखर्च पित्तींच्या गल्ल्यातून होई.

१९६७ मध्ये पित्ती महाराजगंजमधून संयुक्त सोशलिस्ट पक्षाचे आमदार झाले. त्या वर्षी उत्तरेत काँग्रेसची राज्यामागून राज्यं गेली. आंध्रात मात्र ब्रह्मानंद रेड्डींचं सरकार टिकलं. म्हणजे पित्तींच्या वाट्याला विरोधी बाकच. स्पष्टच सांगायचं तर आमदार म्हणून ते मोठे नव्हेत. आणि त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला, दिल्लीत लोहिया गेले.

पुढची गोष्ट मकबूल फिदा हुसेन यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पड आणि रामायण रंगव, असं लोहियांनी त्यांना सांगितलं होतं. लोहियांच्या निधनानंतर ते शब्द पाळायला हुसेन हैदराबादेत आले आणि त्यांनी मोती भवन रामायणाच्या सुमारे दीडशे चित्रांनी भरून टाकलं. मोबदला मागितला नाही. काही चित्रं तर बैलगाडीतून आसपासच्या खेड्यांत नेऊन लोकांना दाखवली.

पंढरपुरात जन्मलेला मुसलमान चित्रकार, देव न मानणाऱ्या पुढाऱ्याचा शब्द, मारवाड्याची हवेली आणि रामायण. पित्तींच्या मुनीमजींनी खतावणीत हे सारं कुठल्या खात्याला नावे टाकलं, ते पान पाहायला मी पदरचं भाडं खर्चून गेलो असतो.