रान राखावे कोणी?

खेड्यातला माणूस दरिद्री व अडाणी, म्हणून तो रान तोडतो, असे शहरात सर्रास बोलले जाते. आमचे शिक्षण गिरणीच्या दारातील सभांत आणि रात्रीच्या वाचनात झाले. त्या वाचनाने आम्हांस निराळेच सांगितले.

१८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने राने राखीव केली. गवत, पाला, सरपण हा पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क. तो गुन्हा ठरू लागला. जंगल खात्याने शेतकऱ्याच्या गुरांची चराई हिरावली, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

मोळी विकल्याखेरीज ज्याची चूल पेटत नाही, त्यास उद्याचे झाड दिसत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. ज्यास कायदा वाचता येत नाही, त्याला रखवालदाराचा शब्द हाच कायदा. पण जे आपले उरलेच नाही, ते राखावे कोणी?

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने याचे उत्तर दिले. गावकऱ्यांनी अभ्यासगट बसवला, कायदा समजून घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. माणसे तीच, रान तेच. बदलला तो हक्क.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: गरिबाला झाडाची थोरवी सांगण्याआधी त्याचा हक्क त्याला द्या, आणि तो वाचण्यापुरती अक्षरे द्या. राखण तो करील.