बाल्टिमोरचा सुतार

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात अभिनंदनाचा वर्षाव होतो आणि साडेपाच वर्षांनी घरात डॉक्टर तयार होणार असा आपण हिशेब मांडतो. हृदय व रक्तवाहिन्या यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत हा हिशेब फार अपुरा आहे. एम.बी.बी.एस.नंतर सामान्य शल्यचिकित्सेतील एम.एस.ची तीन वर्षे आणि त्यानंतर एम.सीएच.ची आणखी तीन वर्षे त्याला घालवावी लागतात. शस्त्राऐवजी औषधोपचाराची वाट धरणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञालाही एम.डी. आणि डी.एम. अशी तेवढीच मजल मारावी लागते. प्रवेश-परीक्षांमध्ये एखादे वर्ष वाया गेले, तर तिशी उलटून जाते. एवढी वर्षे ही मुले शिकतात तरी काय, असा प्रश्न आईबापांच्या मनात आला तर त्यात नवल नाही. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या इतिहासात सापडते.

तेथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. त्याचे पहिले मुख्य शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी जर्मनीतील विद्यापीठांची पद्धत पाहिलेली होती. तिच्या धर्तीवर त्यांनी अशी व्यवस्था आखली, की तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या नजरेखाली काम करावे आणि पायरीपायरीने जबाबदारी अंगावर घ्यावी. शेवटच्या पायरीवर एकच प्रमुख उरे. के.ई.एम. किंवा शीव रुग्णालयातील 'निवासी डॉक्टरां'विषयी वर्तमानपत्रांत आपण जे वाचतो, त्यातील 'निवासी' या शब्दाचे मूळ येथे आहे.

ही शिडी उत्तम होती, यात शंका नाही. परंतु तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याची मुभा सर्वांना नव्हती. हृदयशल्यचिकित्सकांच्या पहिल्या पिढीतील कितीतरी जणांचे हात ज्याने घडविले, तो मनुष्य या शिडीवर कधी चढलाच नाही. त्याला चढू देण्यात आले नाही.

विवियन थॉमस यांचा जन्म २९ ऑगस्ट १९१० रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील सुतार. कुटुंब पुढे नॅशव्हिल येथे स्थायिक झाले आणि मुलगा बापाच्या हाताखाली करवत, रंधा, पटाशी चालवायला शिकला. डॉक्टर व्हावे अशी त्याची मनीषा होती आणि त्यासाठी तो पै-पै साठवीत होता. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, सुतारकाम मिळेनासे झाले आणि १९३० साली नॅशव्हिलमधील त्याची बँक बुडून सात वर्षांची पुंजी बुडाली. तोपर्यंत, म्हणजे १९३० च्या फेब्रुवारीत, त्याने व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली होती. ती त्याला तात्पुरती वाटत होती. नाझरेथच्या योसेफाने आपल्या धंद्यात कोणत्या वस्तू घडविल्या, याविषयी शुभवर्तमान एक अक्षरही सांगत नाही. सुताराच्या हाताची नोंद ठेवण्याची जगाला फारशी सवय नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक. ते स्वतः हॉपकिन्सचे पदवीधर. पण शल्यचिकित्सेतील निवासी डॉक्टरची जागा हॉपकिन्सने त्यांना नाकारली होती, म्हणून ते नॅशव्हिलला आले होते. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने या तरुणाला रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व शस्त्रक्रियेचे तंत्र शिकविले. काही आठवड्यांतच थॉमस प्राण्यांवरील शस्त्रक्रिया एकट्याने करू लागले. एकदा ब्लॅलॉक रागाच्या भरात त्यांना अद्वातद्वा बोलले. अशी भाषा ऐकून घेणार नाही, निघून जाईन, असे थॉमस यांनी त्यांना सरळ सांगितले. ब्लॅलॉक यांनी क्षमा मागितली आणि पुन्हा तसे वागणार नाही हा शब्द पाळला. त्या काळात त्या भागात एका गोऱ्या वरिष्ठाने कृष्णवर्णीय नोकराची क्षमा मागावी, ही गोष्ट लहान नव्हती. तथापि विद्यापीठाच्या दप्तरी थॉमस यांचे पद 'सफाई कामगार' असेच होते व वेतनही तेच. अपघातात रक्त व शरीरातील द्रव कमी झाल्यामुळे माणूस आघाताने मरतो, हे दोघांनी या प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि दुसऱ्या महायुद्धात त्या ज्ञानाने असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. ते प्रयोग या 'सफाई कामगारा'च्या हातचे होते.

१९४१ साली हॉपकिन्सने ब्लॅलॉक यांना मुख्य शल्यचिकित्सक म्हणून बोलाविले. थॉमस यांना बरोबर आणण्याची त्यांची अट होती. तत्पूर्वी डेट्रॉइटच्या एका मोठ्या रुग्णालयाने कृष्णवर्णीयास नोकरी देण्याचे नाकारले, तेव्हा ब्लॅलॉक यांनी ते पद सोडून दिले होते. हॉपकिन्समध्ये गोऱ्यांचे व काळ्यांचे कक्ष निराळे होते. पांढरा कोट घातलेला कृष्णवर्णीय मनुष्य व्हरांड्यातून चालत निघाला, की लोक थबकून पाहत.

त्याच संस्थेत डॉ. हेलन टॉसिग लहान मुलांच्या हृदयविकारांचा विभाग सांभाळीत होत्या. स्त्री असल्यामुळे हार्वर्डने त्यांना वैद्यकाची पदवी देण्याचे नाकारले होते. हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय काढताना पैसा कमी पडला, तेव्हा काही स्त्रियांनी, मुलींनाही मुलांप्रमाणेच प्रवेश द्यावा या अटीवर, तो उभा करून दिला होता. त्या अटीमुळेच टॉसिग डॉक्टर होऊ शकल्या. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. हृदयाचे ठोके त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून ओळखीत.

त्यांच्याकडे 'नीलबालके' येत. या मुलांचे ओठ व नखे निळसर असत, चार पावले चालताच ती धापा टाकीत उकिडवी बसत आणि त्यांपैकी बहुतेक लहानपणीच दगावत. मार्सेयचे डॉ. फालो यांनी १८८८ साली या विकारातील चार दोषांचे वर्णन करून ठेवले होते. त्यांतील मुख्य दोष असा, की हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. परिणामी प्राणवायूविना अशुद्ध राहिलेले रक्तच अंगभर फिरते. फुप्फुसाकडे रक्त नेणारी दुसरी एखादी वाट काढली तर मूल जगेल, असे टॉसिग यांना निरीक्षणावरून वाटू लागले. बोस्टनच्या एका नामवंत शल्यचिकित्सकाने ही कल्पना मनावर घेतली नाही. मग त्यांनी ती ब्लॅलॉक व थॉमस यांच्यापुढे मांडली.

नॅशव्हिलमध्ये या दोघांनी दुसऱ्याच हेतूने हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडून पाहिली होती. तो हेतू फसला होता, पण जोड टिकला होता. आता थॉमस यांनी प्रथम कुत्र्यांमध्ये तो विकार निर्माण केला आणि मग त्यावरील इलाज शोधला. दोन वर्षांत सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग झाले. एवढ्या बारीक रक्तवाहिन्या शिवण्याजोग्या सुया बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी मोठ्या सुया तोडून, घासून, टोके काढून स्वतः तयार केल्या. येथे मला नॅशव्हिलचा तो सुतार दिसतो. ॲना नावाची कुत्री या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगली आणि तिचे चित्र हॉपकिन्सच्या भिंतीवर लागले. थॉमस यांचे चित्र लागायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन नावाची पंधरा महिन्यांची, जेमतेम चार किलो वजनाची बालिका शस्त्रक्रियेच्या मेजावर होती. ब्लॅलॉक यांनी ही शस्त्रक्रिया पूर्वी एकदाच, तीही कुत्र्यावर आणि थॉमस यांचे साहाय्यक म्हणून केली होती. म्हणून त्यांनी थॉमस यांना बोलावून घेतले आणि आपल्या उजव्या खांद्यामागे एका छोट्या चौरंगावर उभे केले. टाका योग्य दिशेने पडतो आहे ना, असे ते मध्येमध्ये विचारीत आणि थॉमस हलक्या आवाजात सांगत. मूल वाचले, मात्र काही महिन्यांनी पुन्हा निळे पडले आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दगावले. १९४५ च्या फेब्रुवारीत एका सहा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया होत असता त्याचे ओठ मेजावरच गुलाबी झाले. मे महिन्यात शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यावर ब्लॅलॉक व टॉसिग ही दोनच नावे होती. थॉमस यांचा उल्लेख कोठेही नव्हता. त्यानंतरच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रियांत तो चौरंग थॉमस यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला मिळाला नाही.

आता देशोदेशींचे आईबाप निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले आणि त्यांच्या पाठोपाठ शिकणारे डॉक्टर आले. रक्तवाहिनी कशी धरावी, कोठे चिमटा लावावा, टाका किती अंतरावर घ्यावा, हे शिकण्यासाठी हे पदवीधर प्रयोगशाळेत थॉमस यांच्यासमोर उभे राहत. १९६९ साली कृत्रिम हृदयाचे पहिले रोपण करणारे डेन्टन कूली त्यांच्यापैकीच एक. थॉमस यांच्या हाताची एकही हालचाल वाया जात नसे, ही आठवण ते पुढे सांगत. हे विद्यार्थी अमेरिकेतील मोठमोठ्या रुग्णालयांत विभागप्रमुख झाले. त्यांच्या गुरूला जिवंत माणसावर शस्त्र चालविण्याचा अधिकार अखेरपर्यंत नव्हता. वेतन अपुरे पडे, म्हणून ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत ते मद्याचे पेले भरून देण्याचे काम करीत. दिवसा ज्यांना शिकविले, त्यांनाच रात्री पेला द्यायचा. १९४६ मध्ये वेतनात बरीच वाढ झाली. पदवी घ्यावी म्हणून त्यांनी मॉर्गन स्टेट महाविद्यालयात चौकशी केली, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल असे उत्तर आले. डॉक्टर होईतो पन्नाशी गाठली असती. त्यांनी तो विचार सोडला.

ब्लॅलॉक यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दारे त्यांनीच उघडली आणि उघडलेल्या दाराबाहेर थॉमस यांना उभेही त्यांनीच ठेवले. १९६० साली त्यांच्या साठीनिमित्त मोठा समारंभ झाला. थॉमस यांना निमंत्रण नव्हते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील पडद्यात वाट पाडण्याची आणखी एक शस्त्रक्रिया थॉमस यांनी सिद्ध केली, तेव्हा तो जोड निरखून पाहत ब्लॅलॉक उद्गारले होते, की हे तर परमेश्वराने घडविल्यासारखे दिसते. त्या शस्त्रक्रियेला मात्र ब्लॅलॉक आणि हॅनलन यांची नावे मिळाली. हे डॉ. रॉलिन्स हॅनलन १९५० साली जेज्वीट धर्मगुरूंच्या सेंट लुइस विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्रमुख झाले. बाल्टिमोरची विद्या ती अशी कॅथोलिक संस्थेतही पोहोचली.

भारतात ती टॉसिग यांच्या बाजूने आली. ब्रह्मदेशात जन्मलेल्या व युद्धात तेथून निर्वासित झालेल्या डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती हॉपकिन्समध्ये टॉसिग यांच्या हाताखाली शिकल्या. मायदेशी परतल्यावर १९५४ साली त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात हृदयरोगाचा दवाखाना उघडला, तज्ज्ञांच्या शिक्षणाची सोय केली आणि १०३ वर्षांचे आयुष्य लाभून २०२० साली त्या निवर्तल्या. आज डी.एम.साठी झटणाऱ्या आपल्या मुलांच्या मागे ही गुरुपरंपरा उभी आहे.

ब्लॅलॉक १९६४ साली वारले. त्यांच्या मागे प्रयोगशाळा थॉमस सांभाळीत राहिले. रुग्णालयाची लिफ्ट चालविणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाला त्यांनी असे तयार केले, की तो हृदयशस्त्रक्रियेच्या पथकात साहाय्यक झाला. जुन्या शिष्यांनी वर्गणी काढून थॉमस यांचे तैलचित्र करविले आणि १९७१ साली ते ब्लॅलॉक यांच्या चित्रासमोर लागले. १९७६ साली हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली, पण ती कायद्याची, वैद्यकाची नव्हे. त्याच सुमारास शल्यचिकित्सेचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा ते पासष्टीच्या पुढे होते आणि शिकवीत होते ते तीन तपांपासून. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले, २६ नोव्हेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर वाचकांच्या हाती पडले.

पुढच्या पिढीत लेव्ही वॉटकिन्स हे कृष्णवर्णीय डॉक्टर हॉलस्टेडच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर, म्हणजे हॉपकिन्समध्ये हृदयशस्त्रक्रियेचे प्रमुख निवासी डॉक्टर म्हणून पोहोचले. १९८० च्या फेब्रुवारीत त्यांनी, हृदयाची लय बिघडताच धक्का देऊन ती पूर्ववत करणारे यंत्र पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसविले. नीलबालकांच्या त्या शस्त्रक्रियेला आता वैद्यकीय लेखनात ब्लॅलॉक-टॉसिग-थॉमस अशा तिन्ही नावांनी ओळखू लागले आहेत. आणि २००५ साली हॉपकिन्स महाविद्यालयाने नव्या विद्यार्थ्यांची चार गटांत विभागणी सुरू केली. त्यांतील एका गटाला हेलन टॉसिग यांचे नाव आहे, एकाला विवियन थॉमस यांचे.