साल्मिंग, बोर्ये

(१७ एप्रिल १९५१ – २४ नोव्हेंबर २०२२). आइस हॉकीतील ख्यातनाम स्वीडिश बचावपटू. उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’ (एनएचएल) या व्यावसायिक स्पर्धेत दीर्घकाळ खेळून अग्रगण्य ठरलेला पहिला स्वीडिश खेळाडू.

साल्मिंगचा जन्म स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरुना या लोहखनिजाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात झाला. वडील सामी या तेथील मूळ रहिवासी समाजातील होते. बोर्ये पाच वर्षांचा असताना खाणीतील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. थोरला भाऊ स्टिग हाही पुढे नामवंत हॉकीपटू झाला. येव्ले शहरातील ब्रिनेस संघाकडून खेळताना बोर्येने १९७१ व १९७२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

त्या काळी एनएचएलमध्ये कॅनडाच्या खेळाडूंचेच वर्चस्व होते. यापूर्वी १९६५ मध्ये उल्फ स्टेर्नर हा स्वीडिश खेळाडू न्यूयॉर्क रेंजर्सकडून अवघे चार सामने खेळून परतला होता. बर्फाच्या मैदानावर (रिंक) सर्वत्र अंगाने धडक देण्याची मुभा युरोपातील खेळाडूंना १९६९ पर्यंत नव्हती. त्यामुळे ते धसमुसळ्या खेळापुढे टिकणार नाहीत, असा कॅनडात समज होता. १९७३ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सने साल्मिंग व इंगे हामारस्ट्रम या दोघांना करारबद्ध केले, तेव्हा प्रतिस्पर्धी त्यांना उघडपणे भित्रे म्हणून हिणवत. फिलाडेल्फिया फ्लायर्ससारख्या दांडगाईसाठी कुप्रसिद्ध संघाने तर पहिल्याच हंगामात साल्मिंगला लक्ष्य केले. काठीचे फटके आणि धक्के सोसूनही तो मागे हटला नाही.

वेगाने येणारा टणक रबरी पक अंगावर झेलून अडवणे, ही त्याच्या बचावाची खासियत होती. पण तो केवळ बचावावर थांबत नसे. चपळ स्केटिंग करत पक स्वतः पुढे नेऊन आक्रमणाला सुरुवात करी. १९७६-७७ च्या हंगामात त्याने १२ गोल केले व ६६ गोलांना साहाय्य केले. १९७५ ते १९८० अशी सलग सहा वर्षे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघांत त्याला स्थान मिळाले. सर्वोत्तम बचावपटूसाठीच्या नॉरिस पारितोषिकाच्या मतदानात तो १९७७ व १९८० मध्ये दुसरा आला. १९७६ च्या कॅनडा कप स्पर्धेत तो स्वीडनच्या पोशाखात टोरांटोच्या रिंकवर उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

१९८६ हे वर्ष त्याला कठीण गेले. पूर्वी कोकेन घेतल्याची कबुली दिल्याने त्याला आठ सामने बाहेर बसावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या स्केटच्या पात्याने चेहरा फाटून दोनशेहून अधिक टाके पडले. टोरांटोत त्याला एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप मात्र कधीच जिंकता आला नाही. १९८९-९० चा हंगाम डेट्रॉइट रेड विंग्सकडून खेळून तो मायदेशी परतला. एनएचएलमधील १,१४८ सामन्यांत त्याच्या नावावर १५० गोल व ६३७ साहाय्ये आहेत. त्यांपैकी टोरांटोसाठी केलेली ६२० साहाय्ये हा त्या संघाचा उच्चांक आहे. पुढे तो स्टॉकहोमच्या एआयके संघात खेळला. १९९२ च्या आल्बेर्व्हिल हिवाळी ऑलिंपिकमध्ये चाळिशीतही तो स्वीडनच्या संघात होता. १९९३ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

टोरांटोतील हॉकी हॉल ऑफ फेममध्ये १९९६ साली समाविष्ट झालेला तो पहिला स्वीडिश खेळाडू होय. २०१६ मध्ये मेपल लीफ्सने त्याचा पोशाखावरील २१ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. साल्मिंगने युरोपीय खेळाडूंबद्दलचा समज खोटा ठरवल्यावर स्वीडिश खेळाडूंचा ओघ एनएचएलकडे वाढला. पुढच्या पिढीतील बचावपटू निक्लास लिडस्ट्रम याने नॉरिस पारितोषिक सात वेळा जिंकले.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये साल्मिंगला एएलएस हा चेतापेशींचा असाध्य आजार झाल्याचे जाहीर झाले. नोव्हेंबरमध्ये टोरांटोत त्याचा सत्कार झाला. त्यानिमित्त मेपल लीफ्सने सामन्याच्या प्रारंभी रिंकवर उतरवलेले आपले सहाही खेळाडू स्वीडिश ठेवले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच त्याचे निधन झाले.