योगासनें आणि शिक्षकाची दृष्टि

ठाण्याचा घोडबंदर रस्ता पूर्वीं खाडीकांठच्या बंदराकडे जाणारा म्हणून ओळखला जाई. आज त्याच्या दोहों बाजूंस उंच इमारती आहेत, व त्यांतील कांहीं घरीं एकेका शिष्यास आसनें शिकविणारे शिक्षक येतात. गुडघा कोणत्या रेषेंत आहे, टाचेवर भार किती आहे, हें ते बारकाईनें पाहतात. ही केवळ शहरी हौस आहे, असें कित्येकांस वाटतें. तिचा इतिहास पाहतां आम्हांस तसें वाटत नाहीं.

महाराष्ट्रांत योगविद्या सामान्य गृहस्थांपर्यंत नेण्याचा उद्योग श्री योगेंद्रांनीं १९१८ सालीं वर्सोव्यास, व स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास आरंभिला. कुवलयानंदांनीं शाळांसाठीं यौगिक संघव्यायामाचीही आखणी केली. असंख्य मुलांपर्यंत पोंचण्यास तोच मार्ग सोयीचा होता. परंतु हुकूम सर्वांस एक असला, तरी सर्वांचे कणे एकसारखे नसतात.

ही उणीव भरून निघाली ती पुण्यांत. म्हैसूरच्या टी. कृष्णमाचार्यांनीं १९३७ सालीं आपले तरुण मेहुणे बी. के. एस. अय्यंगार यांस डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकविण्यास धाडिलें; ते पुण्याचेच झाले. बालपणीं मलेरिया, क्षय व विषमज्वर यांनीं त्यांचें शरीर खंगलें होतें, आणि गुरूपाशीं शिक्षणही थोडेंच मिळालें होतें. म्हणून स्वतःच्या शरीरावर प्रयोग करीत, व शिष्याचें शरीर निरखीत, त्यांनीं आपली पद्धति घडविली. १९५२ सालीं मुंबईंत व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले, व १९५४ सालीं त्यांनीं अय्यंगारांस स्वित्झर्लंडला नेलें.

१९६६ सालीं ‘लाइट ऑन योगा’ हा अय्यंगारांचा ग्रंथ सुमारें सहाशें छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. परंतु ग्रंथ वाचकास आसन दाखवितो. वाचकाचें आसन ग्रंथास दिसत नाहीं. ती अडचण त्यांनीं दोर, पट्टे, लांकडी ठोकळे व खुर्च्या यांनीं अंशतः दूर केली. ज्याचा हात पायापर्यंत पोंचत नाहीं, त्यानें पट्टा धरावा. १९७५ सालीं पुण्यांत उघडलेल्या रमामणि अय्यंगार स्मारक योगसंस्थेच्या वर्गांतही हींच साधनें आलीं, व एकेकट्यासाठीं शोधलेली युक्ति अनेकांच्या उपयोगीं पडली.

यावरून आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. खाजगी शिकवणीचें मोल एकांतांत नसून पाहण्यांत आहे. घरीं येणारा शिक्षक शिष्याकडे न पाहतां नुसते आंकडे मोजीत असेल, तर ती एका माणसाची कवाईतच होय. आणि वर्गांतील शिक्षक प्रत्येकाकडे पाहत असेल, तर बेताच्या मिळकतीच्या माणसासही तेंच खरें शिक्षण लाभतें.