पायरी आणि उंबरठा

संततिनियमनाचा इतिहास सांगू लागलो की प्रथम र. धों. कर्वे आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचेही उघडले. या मतांपायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, खटले सोसले. परंतु मासिक वाचता येणाऱ्यासाठी असते आणि केंद्र त्याची पायरी चढू शकणाऱ्यासाठी. सासूला विचारल्यावाचून जिला घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, तिच्यापर्यंत कर्व्यांचे शास्त्र पोचावे कसे?

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकार दारापर्यंत आले खरे, पण पुढे पुढे ते हातात आकडा घेऊन आले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्याच विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. त्याचे श्रेय आम्हांस घेता येणार नाही.

याच काळात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला निराळेच काही घडत होते. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम सुरू केले. बाहेरून आलेल्या शिकलेल्या नर्सबाई खेड्यात रुजेनात, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकविण्याचे ठरले. यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्या बाळंतपण सुखरूप करीत, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास शिकवीत, आणि मग पाळणा लांबविण्याची गोष्ट काढीत. हा क्रम महत्त्वाचा आहे. असलेले मूल जगेल असा भरवसा वाटल्यावाचून कोणती आई पुढचे थांबवील?

२००५ साली 'आशा' ही योजना देशभर आली, तीत या अनुभवाचा वाटा आहे. २०११ मध्ये गर्भनिरोधके घरपोच देण्याचे काम आशाताईंकडे आले. तीन निरोधांचे पाकीट एक रुपयाला, महिन्याच्या गोळ्याही एक रुपयाला. कर्व्यांच्या केंद्राची पायरी अशी नव्वद वर्षांनी उंबरठ्याला येऊन टेकली.

तथापि एक धोका उरतोच. आशाताई पगारी नोकर नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला यांवर ती राबते. १९९६ साली कागदावरून काढलेले उद्दिष्ट या मोबदल्याच्या वाटेने परत येऊ शकते. कर्व्यांपाशी स्वातंत्र्याचा विचार होता, पोच नव्हती. आणीबाणीपाशी पोच होती, स्वातंत्र्य नव्हते. दोन्ही एकत्र आली ती गावातल्या ओळखीच्या बाईच्या हातून. तिच्या पिशवीत गोळ्या असाव्यात, आकडा असू नये. आणि "नको" हे उत्तर ऐकून घेतल्याबद्दल तिचे काही कापले जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.