संधी दोन, भाषा किती?

जानेवारीचा निकाल लागला तेव्हा मोहल्ल्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, एप्रिलची जेईई नाही देत. कमी पडले तर पहिलेही मार्क जातील." तिच्या अब्बांनाही तसंच वाटत होतं.

तसं नाही. इंजिनिअरिंगची जेईई मेन २०१९ पासून वर्षातून दोनदा होऊ लागली. २०२१ साली तर चारदा झाली. ज्या वेळचा स्कोअर जास्त, तोच रँकसाठी धरतात. सरासरी काढत नाहीत. फी मात्र दर वेळी वेगळी, आणि आमच्याकडे तिथेच गाडी अडते.

मला भाषेचा इतिहास जास्त बोचतो. २०१४ मध्ये महाराष्ट्राने या परीक्षेवर प्रवेश द्यायचं ठरवलं, तेव्हा पेपर मराठी-उर्दूतही निघाला. २०१६ मध्ये राज्य बाहेर पडलं, दोन्ही भाषा गेल्या. त्या परतल्या २०२१ मध्ये. म्हणजे २०१९ आणि २०२० च्या मुलांना संधी दोन मिळाल्या, पण मराठीत किंवा उर्दूत एकही नाही.

मुलीने एप्रिलचा फॉर्म भरला. भाषा इंग्रजी निवडली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "सर, अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीतच शिकले ना!"