लांब धाग्याची किंमत

१९४७ साली फाळणी झाली. लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध व पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या भारतात राहिल्या. तलम सुताला लांब, बारीक व मजबूत तंतू हवा. आपल्या देशी कापसाचा तंतू बहुधा आखूड. देशी कापसात २६ गुणसूत्रे, तर अमेरिकन व इजिप्शियन जातींत ५२. म्हणून या दोन गटांचा संकर सहसा वांझ निघतो. तेव्हा संशोधकांनी ५२वाल्यांचाच आपसांत संकर केला. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ दिला. १९७२ मध्ये धारवाडहून ‘वरलक्ष्मी’ आला.

संकरित बियाण्यासाठी संध्याकाळी कळीतले पुंकेसर हाताने काढतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. मात्र पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. कोइमतूरचा ‘सुविन’ (१९७४) संकरातूनच निघाला, पण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून स्थिर केलेला. त्याचे बी पुन्हा पेरता येते.

मेंडेलचा नियम शिकवताना ही दोन उदाहरणे आपण शेजारी-शेजारी मांडावीत, असे आम्हाला वाटते. बियाणे घरचे की बाजारचे, हा प्रश्नही त्याच नियमात दडलेला आहे.